ओरेगॉन की कोलोरॅडो? मशरूम थेरपीचं ट्रेनिंग घेण्याआधी

अमेरिकेत काउन्सेलिंग करणाऱ्या ओळखीतल्या दोघातिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. सायलोसायबिनची (म्हणजे या मशरूममधल्या, मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्याची) थेरपी ओरेगॉनने २०२० च्या मतदानात मंजूर केली, कोलोरॅडोने २०२२ ला. सिलॅबस वगैरे तुम्ही बघालच, मी फक्त एवढंच बघितलं की ज्यांची ही विद्या ते मूळनिवासी आणि ज्यांचा खिसा रिकामा, त्यांना यात जागा कुठे आहे.

कागदावर ओरेगॉन झकास. १२० तासांच्या कोर्समध्ये १२ तास सांस्कृतिक समतेला, लायसन्सवाल्या सेंटरला (जिथे क्लायंटला मशरूम देतात) सोशल इक्विटी प्लॅन, म्हणजे वंचितांना कशी जागा देणार ते, लिहून द्यावा लागतो. पण फी बघा ना, फॅसिलिटेटरला (मशरूम देऊन क्लायंटसोबत बसणाऱ्याला) वर्षाला २,००० डॉलर, सेंटरला १०,००० (काहींना निम्मी सूट आहे), इन्शुरन्स एक पैसा देत नाही, म्हणजे सगळं शेवटी क्लायंटच्याच बोडक्यावर. घरी मशरूम उगवायचे नाहीत, आणि बऱ्याच काउंट्यांनी तर मतदान घेऊन आमच्याकडे सेंटरच नको म्हणून सांगितलं. प्लॅन फायलीत, गरीब दाराबाहेर.

कोलोरॅडोत घाम जास्त: १५० तास वर्ग, वर ४० तास प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष सराव) आणि ५० तास कन्सल्टेशन (जाणत्यांचं मार्गदर्शन). पण २१ वर्षांवरच्या माणसाला तिथे घरी उगवता येतं, दुसऱ्याला फुकट देता येतं, फक्त विकायचं नाही, आणि गावाला सेंटरवर सरसकट बंदी घालता येत नाही. नेटिव्ह अमेरिकन लोकांचा वर्किंग ग्रुप तर २०२३ च्या कायद्यातच घातलाय. त्यांचं ऐकतात किती हा भाग वेगळा, पण खुर्ची तरी मांडलीय.

पेयोटी (हेही नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या विधीतलं, मनावर परिणाम करणारं) मात्र कोलोरॅडोने या मोकळिकीतून मुद्दाम बाहेर ठेवलं आणि माझ्या मते बरोबर केलं. हे बुटकं निवडुंग दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतच उगवतं, मोठं व्हायला दहा-दहा वर्षं घेतं, जाणकार मुळं जमिनीतच ठेवून वरचं बटण तेवढं कापतात. हौशी लोक घुसले की संपलंच. आणि गंमत बघा, याच ओरेगॉनमध्ये अल स्मिथ या क्लॅमथ जमातीच्या माणसाची काउन्सेलरची नोकरी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी घेतलं म्हणून गेली, बेकारी भत्ताही नाही, १९९० ला सुप्रीम कोर्टातही हरला. आता तिथेच मशरूम देणाऱ्याला लायसन्स मिळतं!

१९९७ ला माशेलकरांनी हळदीचं पेटंट रद्द करून आणलं तेव्हा आपण केवढे खूश झालो होतो, मग मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या मारिया साबिना या मशरूमचे विधी करणाऱ्या वैदूबाईचं दुखणं आपल्याला वेगळं सांगायला नको. तिच्या विधीतले मशरूम १९५७ ला मासिकात झळकले, परदेशी लोंढे आले, आणि तिच्याच गावात तिचं घर जाळलं गेलं.

तर मी कोलोरॅडो घेईन. पण सिटिझन नसाल तर आधी इमिग्रेशन वकील गाठा, राज्यात चालत असलं तरी फेडरल कायद्यात हा अजून बेकायदा ड्रग आहे, आणि नुसतं 'घेतलंय' असं अधिकाऱ्यासमोर कबूल केलं तरी ग्रीन कार्ड अडू शकतं. क्लायंट आपल्यातलाच असेल तर त्यालाही हे पहिल्याच भेटीत सांगा.