व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, न्यूज अ‍ॅप की फीड रीडर? बेळगावात बसून काय वापरायचं

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका ग्रुपवर चोर्ला घाट बंद झाल्याचा व्हिडिओ आला, दरड, चिखल, अडकलेल्या गाड्या, सगळं अगदी आत्ताचंच वाटावं असं. मामा नेमके गोव्याला निघालेले, ते बिचारे खानापूर-रामनगर करत अनमोडनं फिरून गेले न् संध्याकाळी कळलं की व्हिडिओ जुना आहे, घाट चालूच होता. तेव्हापासून मावसभाऊ माझ्या मागं लागलाय, दादा बातम्यांसाठी मोबाईलात नेमकं काय ठेवू सांग की रे. त्याला सांगितलं तेच इथं लिहायलोय.

व्हॉट्सअ‍ॅप काढून टाक असं मी म्हणणार नाही. आपल्या गल्लीत लाईट कधी येणार, पाणी आज सोडणार की उद्या, कोण वारलं, हे दुसरीकडं कुठंच मिळत नाही. पण फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओवर दिसते ती तुला मेसेज आल्याची वेळ, मूळ कधीचा ते कळायला मार्ग नाही, मामा फसले ते तिथंच. व्हॉट्सअ‍ॅपवरचे चॅनल त्यातल्या त्यात बरे, कोण टाकतंय ते तरी कळतं.

न्यूज अ‍ॅपची आपल्याकडं वेगळीच गंमत आहे. लोकेशन बेळगाव म्हणजे कर्नाटक, म्हणजे ह्याला कन्नड बातम्या पाहिजेत असं अ‍ॅप धरून चालतं. कन्नड वाचता येत असलं तर चांगलंच, मी पण वाचतो अडखळत. म्हणून भाषा मराठी करायला गेलो तर सगळं मुंबई-पुणं सुरू, लोकल काय न् मेट्रो काय, निपाणी-चिकोडीचा पत्ताच नाही. मराठी बोलणारा माणूस कर्नाटकात राहतो हे त्याच्या डोक्यातच बसत नाही (सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाची २००४ पासून केस पडून आहे, अ‍ॅपला कुठनं कळायचं). वर एकदा चुकून सिनेमाच्या बातमीवर बोट लागलं की आठवडाभर तेच.

आता फीड. ह्याला आरएसएस म्हणतात, हे ऐकून मामा म्हणाले शाखेत जायला लागलास काय. तसं नाही. १९९९ ला निघालेली साधी सोय आहे, वेबसाईट स्वतःच्या नव्या मजकुराची यादी एका फाईलीत ठेवते, मथळा, लिंक, तारीख, न् तुझं रीडर अ‍ॅप थोड्या थोड्या वेळानं जाऊन ती बघून येतं. पॉडकास्ट पण ह्याच्यावरच चालतात. मला आवडतं ते हे की तू कुठं राहतोस, कुठली भाषा बोलतोस हे ते विचारत नाही. बेळगावचा मराठी पेपर, बंगळुरूचा इंग्रजी, एखादी कन्नड साईट, कोल्हापूरची बातमी, सगळं एका यादीत तू स्वतः घालायचं. कोल्हापूर पाहिजेच, तिकडं पाऊस जोरात झाला की दूधगंगा-वेदगंगेचं पाणी निपाणी-चिकोडीकडंच येतं, न् २०१९ च्या पुरात तिकडं हायवे बंद झाला तेव्हा आपण पण अडकलोच होतो. शिवाय बहुतेक फीडात प्रत्येक बातमीला तारीख असते.

तोटे पण सांगतो. प्रत्येक साईटला फीड नसते, सरकारी तर बऱ्याच ठिकाणी नाही, पीआयबी (केंद्र सरकारच्या बातम्या देणारं खातं) न् रिझर्व्ह बँकेची मात्र आहे. वर्डप्रेसवर (साईट बनवायची एक सोय) काढलेली साईट असली तर पत्त्यापुढं /feed टाकून बघ, बहुतेक वेळा निघते. यूट्यूब चॅनलची पण असते हे फार जणांना माहीतच नाही. काही पेपर फीडात दोनच ओळी देतात, पुढचं वाचायला साईटवर जावंच लागतं. न् हे झटपट काम नव्हे, तासाभरानं कळलं तरी चालेल अशांसाठी आहे. घाटात आत्ता ट्रॅफिक आहे का हे विचारायला ओळखीच्या ड्रायव्हरलाच फोन लाव.

रीडर कुठलं? फीडली दिसायला सोपं, फुकटात १०० साईटी, कॉम्प्युटर न् मोबाईल दोन्हीकडं तेच दिसतं. इनोरीडर फुकटात १५० देतं, पण त्यात बटणं एवढी की नवा माणूस गोंधळतो. अँड्रॉइडवर फीडर नावाचं अ‍ॅप आहे, अकाउंट नको, जाहिरात नाही, पण यादी त्याच फोनात राहते, फोन गेला की गेली. आयफोन असला तर नेटन्यूजवायर, ते पण फुकट. कुठलंही घे पण महिन्यातनं एकदा ओपीएमएल फाईल काढून ठेव, त्यात तुझी सगळी यादी येते न् दुसऱ्या अ‍ॅपात तशीच घालता येते. गूगल रीडर २०१३ च्या १ जुलैला बंद झालं तेव्हा ज्यांनी फाईल काढून ठेवलेली ते निवांत होते.

मावसभावाला मी फीडर घालून दिलं, तेराच साईटी, न् व्हॉट्सअ‍ॅपात गल्लीचा ग्रुप तेवढा ठेवून बाकी सगळे म्यूट. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "दादा, वीस मिनिटांत बातम्या संपल्या की रे, आता खाली काहीच येईना, बिघडलं काय हे?"