फोकस ग्रुप घेणाऱ्या पुण्यातील एका संशोधन संस्थेची सेवा : व्हेंडरच्या भेटवस्तूंच्या निमित्ताने आलेला अनुभव

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आचारसंहितेच्या अंमलबजावणीचे काम माझ्याकडे आहे. दिवाळीला व्हेंडरकडून (माल पुरवणाऱ्यांकडून) येणाऱ्या भेटवस्तूंबद्दल आमच्या माणसांना मनातून काय वाटते, हे जाणून घेण्यासाठी आम्ही पुण्यातील एका संशोधन संस्थेकडून चार फोकस ग्रुप, म्हणजे एकाच विषयावर मोजक्या लोकांच्या आखीव गटचर्चा, करून घेतले. शाम्पूच्या वासाबद्दल लोकांना बोलते करणे आणि लाचेच्या सीमेवरच्या गोष्टीबद्दल बोलते करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणूनच या सेवेबद्दल सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी आम्ही छापील प्रश्नावली भरून घेतली होती आणि ‘भेटवस्तू नाकाराव्यात’ या विधानापुढे जवळजवळ प्रत्येकाने होकाराची खूण केली होती. नैतिकतेच्या प्रश्नांवर माणसे शोभेल तेच उत्तर देतात, त्यामुळे त्या खुणांवरून आम्हाला काहीच उमगले नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्या रेडिओ-संशोधनात श्रोते आवडले तर हिरवे आणि नावडले तर लाल बटण दाबत असत. त्या बटणांमागचे ‘का’ शोधण्यासाठी त्यांचे सहकारी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी श्रोत्यांच्या गटाशी नेमकेपणाने बोलण्याची जी रीत विकसित केली, तिच्यातूनच पुढे फोकस ग्रुप आकाराला आला. आमच्या हाती बटणे होती, ‘का’ हवा होता.

संस्थेच्या मॉडरेटर (चर्चा चालवणाऱ्या) बाईंचे काम अतिशय चांगले होते. ‘तुम्ही भेट घेता का?’ असे त्यांनी कुणालाही विचारले नाही. एका खरेदी अधिकाऱ्याला मिठाईच्या डब्यात सोन्याचे नाणे सापडते, एवढी गोष्ट सांगून त्याने आता काय करावे, असे त्यांनी गटाला विचारले. बराच वेळ कुणी बोलेना. मग स्टोअर्समधील एक जण हातातला चहाचा कप गोल फिरवत म्हणाला, “नाणं परत केलं तर साहेबांची पंचाईत होते ना. त्यांनी ठेवलेलं असतं.” इतर तिघांनी लगेच दुजोरा दिला. आमचे धोरण गृहीत धरून चालले होते की माणसे लोभापायी भेट घेतात. प्रत्यक्षात भेट परत करणे हा वरिष्ठांवर अप्रत्यक्ष आरोप ठरतो, या भीतीने ती ठेवून घेतली जात होती. हे एक वाक्य ऐकायला मिळाले, यातच माझ्या दृष्टीने खर्च वसूल झाला.

पुढे एक जण स्वतःवर आलेला प्रसंग नावानिशी सांगू लागला, तेव्हा बाईंनी त्याला हळुवारपणे थांबवले आणि नंतर एकट्याने बोलण्याची सोय करून दिली. सर्वांसमोर दिलेली कबुली त्याच्या नोकरीवर बेतू शकली असती, हे भान फार मोलाचे आहे.

तिसऱ्या गटात मात्र मोठी चूक झाली. स्टोअर्समधील सहा जणांबरोबर एक असिस्टंट मॅनेजर बसवला गेला, ज्याच्या सहीने त्यांची रजा मंजूर होते. पाऊण तास सगळे धोरणातलीच वाक्ये बोलत राहिले. यादी आम्ही दिली होती हे खरे, पण कोण कुणाच्या हाताखाली आहे, हे विचारून घेणे संस्थेचे काम होते. तक्रार केल्यावर त्यांनी तो गट जास्तीचे पैसे न घेता पुन्हा घेतला, हे नमूद केलेच पाहिजे.

संमतिपत्रात ‘आपले बोलणे पूर्णपणे गोपनीय राहील’ असे लिहिले होते, त्यालाही मी हरकत घेतली. गटचर्चेत असे वचन कुणालाच देता येत नाही, कारण तेच बोलणे शेजारी बसलेल्या सहा-सात जणांनी ऐकलेले असते. संस्था नावे उघड करणार नाही आणि सहभागींनी बाहेर वाच्यता करू नये अशी विनंती आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. पुढच्या गटांसाठी त्यांनी मजकूर तसा बदलला. अहवालाच्या मसुद्यात ‘६० टक्के सहभागींच्या मते’ अशी वाक्ये होती, तीही काढायला लावली. निवडून बोलावलेल्या तीसेक माणसांवरून टक्केवारी मांडली, की संचालक मंडळ तिला संपूर्ण कारखान्याचे मत समजून बसते.

लैंगिक छळासारख्या विषयासाठी मी ही पद्धत मुळीच वापरणार नाही. २०१३ च्या कायद्याने अशा तक्रारीतील व्यक्तींची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास मनाई केली आहे, आणि गटात कुणाच्या तोंडून काय निघेल, यावर कुणाचाच ताबा नसतो. तिथे एकेकट्याची मुलाखतच योग्य.

भेटवस्तूंच्या नोंदवहीत यंदा पहिली नोंद प्लांट हेडची असेल, असे या चर्चांनंतर ठरले आहे. व्हेंडरची बाजू ऐकण्यासाठी मी पुन्हा याच संस्थेकडे जाईन. मात्र एकाच ऑर्डरसाठी स्पर्धा करणारे दोन व्हेंडर एका टेबलाशी येणार नाहीत, यासाठी सहभागींची यादी आधी संस्थेसोबत बसून तपासेन.