कोकणातल्या पावसात सीपॅप सुकवायचं कसं? पडवी, पंखा, एसी की ओझोनचं यंत्र

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याच्यासोबत येणाऱ्या पुस्तिकेत धुण्याबद्दल पानभर मजकूर असतो आणि सुकवण्याबद्दल जेमतेम एक ओळ: उन्हापासून दूर, हवेवर वाळू द्या. पुण्या-नाशकात ही ओळ पुरते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ती काही कामाची राहत नाही. वलणीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतो, घट्ट झाकणाच्या डब्यातले पापड सादळतात, तिथे जवळजवळ दोन मीटर लांबीची, वळ्यावळ्यांची नळी आतून आपोआप कशी वाळणार? म्हणून हा आढावा धुण्यापेक्षा सुकवण्याकडे जास्त झुकलेला आहे. मशीन नवीन आहे, पावसाळा तोंडावर आलाय आणि साफसफाईसाठी आणखी एक यंत्र घ्यावं का या विचारात तुम्ही असाल, तर माझं मत आधीच सांगते: ते पैसे दुसऱ्या नळीवर आणि जास्तीच्या कुशनवर, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या भागावर, घाला.

आधी हवेचा हिशेब. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम बाष्प मावतं. जुलैत आर्द्रता ९० टक्के असते तेव्हा त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले असतात, उरते अडीच ग्रॅमची जागा. तीच खोली एसीने २५ अंशांवर आणि ५५ टक्क्यांवर आणली तर दहा ग्रॅमची जागा होते, म्हणजे चौपट. ओल्या नळीला वाळायला हीच मोकळी जागा लागते. आर्द्रता दिवसेंदिवस ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रणच. आर्द्रता मोजायचं उपकरण नसलं तरी स्वयंपाकघरात मिठाची बरणी असतेच. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतलं पाणी ओढून घेतं. आपलं खडेमीठ त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे थोडं आधीच पाझरतं. मिठाला पाणी सुटलं की सीपॅप सुकवण्याची उन्हाळी पद्धत बंद करायची. समुद्रासमोरचं घर असेल तर हाच खार हवेतून उघड्या खिडकीजवळच्या वस्तूंवर बसतो आणि त्या ओलसर ठेवतो. मास्क खिडकीत टांगू नका म्हणते ते यासाठी.

आता मुख्य मुद्दा. सीपॅपचा संच ही एकच वस्तू समजून "ते सुकवायचं" म्हटलं की घोळ होतो. मास्क, नळी आणि हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी या तिघांची सुकण्याची रीत वेगळी आहे.

मास्कला पंखा पुरतो. कुशन, फ्रेम आणि पट्टे सुटे करायचे, पाणी झटकायचं, स्वच्छ सुती पंचाने टिपायचं आणि छताच्या पंख्याखाली जाळीच्या टोपलीत ठेवायचं. पंख्याने खोलीतलं बाष्प कमी होत नाही, पण ओल्या वस्तूला चिकटलेला दमट हवेचा थर हलतो, आणि सिलिकॉनला तेवढं बस आहे. पट्ट्यांचं मात्र तसं नाही. ते कापडी, फोमचे, पाणी धरून ठेवणारे. भर पावसात ते धुवायची घाई करू नका. घामाचा वास यायला लागला की एसीच्या खोलीत किंवा उघडीप मिळेल त्या दिवशी धुवा. खोबरेल लावून झोपायची सवय असेल तर तेल आधी पुसून घ्या. तेलाने कुशन लवकर ढिलं पडतं, चेहऱ्यावर बसत नाही आणि वर धूळ धरतं. सकाळी उठल्यावर कुशन ओल्या फडक्याने पुसणं हे दिवसाचं निम्मं काम आहे. अल्कोहोल नसलेले वाइप्सही चालतात, पण साबणाच्या आठवड्याच्या धुण्याला ते पर्याय नाहीत.

नळीचं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं. बाहेरून ती तासाभरात कोरडी दिसते, आत वळ्यांमध्ये थेंब बसलेले असतात. पंख्याचा वारा जेमतेम बोटभर रुंदीच्या नळीत शिरत नाही. पडवीत आडव्या बांबूवर मधोमध टाकून दोन्ही तोंडं खाली सोडली की पाणी निथळतं हे खरं, आणि त्याआधी खळ्यात उभं राहून नळी गरागरा फिरवली तर बरंचसं पाणी उडून जातं. पण निथळणं वेगळं आणि वाळणं वेगळं. आतून हवा ढकलणारं एकच साधन घरात आहे: मशीनचा स्वतःचा पंखा. टाकी रिकामी आणि पुसलेली, आर्द्रतेचं सेटिंग बंद, नळी जोडलेली, मास्क काढलेला, अशा स्थितीत मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचं. पावसाळ्यात अर्धा तास. मास्क नाही हे ओळखून काही मशिनं आपोआप बंद पडतात. ती सोय सेटिंगमध्ये तात्पुरती बंद करता येते, आणि काही मशिनांत नळी सुकवण्याची वेगळी सोयच दिलेली असते. तारेची, म्हणजे गरम होणारी नळी असेल तर विजेची जोडणी असलेलं टोक पूर्ण कोरडं झाल्याशिवाय मशीनला लावू नका.

टाकीचं काम सर्वात सोपं. सकाळी उरलेलं पाणी ओतायचं, आत-बाहेर पुसायचं, झाकण उघडं ठेवायचं. कालच्याच पाण्यात आज भर घालण्याइतकी बुरशीच्या सोयीची दुसरी गोष्ट नाही.

जागेचे पर्याय तुलनेला घेतले तर पडवी ऑक्टोबर ते मे उत्तम, पावसात फक्त निथळण्यापुरती. पंखा मास्कला पुरतो, नळीला नाही. एसी किंवा हवेतलं बाष्प ओढून घेणारं विजेवरचं डिह्युमिडिफायर दोन्ही कामाचे, पण खोली बंद असेल तरच. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलांच्या घरात डिह्युमिडिफायर लावणं म्हणजे बाहेरचा पाऊस सुकवायला बसणं. कौलांच्या फटींतून तेवढंच बाष्प परत आत येतं. रत्नागिरी-अलिबागच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला एसी असेल तर मात्र वेगळं काही घेऊच नका. रात्रभर चाललेल्या एसीच्या खोलीत सकाळी धुतलेला मास्क दुपारच्या आत कोरडा होतो. पाऊस नसताना दुपारचं ऊन मोह घालतं, विशेषतः ऑक्टोबरात, पण थेट उन्हाने सिलिकॉन आणि प्लॅस्टिक कडक पडतं. चुलीवर टांगणं किंवा शेगडीची ऊब नको. धूर आणि काजळी सिलिकॉनमध्ये मुरते आणि पुढे महिनाभर रात्री तोच वास नाकात. केस सुकवायचा ड्रायरही नको.

कपाटात ठेवण्याबद्दल दोन शब्द. रेशमी साड्यांच्या कपाटात पूर्वी बारीक बल्ब पेटता ठेवायची पद्धत होती, तो उपाय बल्बच्या उष्णतेवर चाले. एलईडीला तेवढी ऊबच नसते, त्यामुळे तो बल्ब नुसता शोभेचा. सिलिका जेल चांगलं, पण ते कोरडी वस्तू कोरडी ठेवण्यासाठी आहे, ओली सुकवण्यासाठी नाही. कापडी पुडीत बांधून डब्याच्या तळाशी ठेवा, दाणे नळीजवळ मोकळे नकोत. डांबरगोळ्या तर कपाटात असतातच, त्या आधी बाहेर काढा. ज्या नळीतून रात्रभर श्वास घ्यायचा तिच्याशेजारी नॅप्थॅलीनची वाफ चालणार नाही. कापराच्या वड्यांनाही हेच लागू.

धुण्याचे पर्याय आता. सुवास नसलेला सौम्य द्रव साबण आणि कोमट पाणी हा पहिला पर्याय, आणि माझ्या मते शेवटचाही. मास्क आणि टाकी आठवड्याला, नळी आठवड्याला किंवा पावसात जितकी पूर्ण सुकवता येईल तितकीच. ओली नळी घाईने मशीनला लावण्यापेक्षा ती दोन दिवस उशिरा धुतलेली बरी. हे पुस्तिकेत सापडणार नाही, पण कोकणात खरं आहे. टाकीत पांढरा थर बसला असेल तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून. ब्लीच, फिनाइल, सुगंधी तेलं आणि जंतुनाशक साबण टाळा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र तर कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

ओझोन वायूने सफाई करणाऱ्या यंत्रांची जाहिरात आकर्षक असते: मास्क पेटीत टाका, बटण दाबा, झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, स्पष्ट सांगितलं की सीपॅप स्वच्छ करणाऱ्या ओझोनच्या किंवा अतिनील किरणांच्या कुठल्याही यंत्राला तोवर आपली मान्यता नाही, आणि ओझोनमुळे खोकला, श्वास लागणं, डोकेदुखी, दम्याचा झटका अशा तक्रारी आपल्याकडे आल्या आहेत. पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, फिलिप्सने सीपॅपसारखी लाखो मशिनं परत मागवली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम खराब होऊन त्याचे कण हवेत मिसळण्याचा धोका होता. ओझोनसारख्या न सुचवलेल्या सफाईने आणि उष्ण-दमट हवेने तो लवकर खराब होऊ शकतो, असं कंपनीनेच तेव्हा म्हटलं. उष्ण-दमट हवा आपल्याकडे फुकट आहे, त्यात ओझोन विकत घेऊन कशाला घालायचा? अतिनील किरणांची अडचण वेगळी. प्रकाश जिथे पोचतो तिथेच त्याचं काम. नळीच्या वळ्यांच्या सावलीत तो पोचत नाही. आणि या दोन्ही यंत्रांत नळी सुकत नाही. कोकणातली खरी गरज तर तीच आहे.

यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्यापुरती पाण्याची टाकीच बंद ठेवता येते का ते पाहणं. घशाला कोरड पडू नये म्हणून मशीन हवा ओलसर करतं. एसी नसलेल्या घरात जुलैची हवा मुळातच घनमीटरला २३ ग्रॅम बाष्प घेऊन येते, तेव्हा पुष्कळांना वरून आणखी ओलाव्याची गरज भासत नाही. पाणी नाही तर टाकीत बुरशी नाही, नळीत थेंब नाहीत. डॉक्टरांना किंवा मशीन बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला विचारून ओलाव्याचं सेटिंग टप्प्याटप्प्याने उतरवा; घसा खवखवला, नाक चोंदलं तर पुन्हा वाढवा. हवेच्या दाबाच्या सेटिंगला मात्र स्वतः हात लावू नका. एसीच्या खोलीत हे गणित उलटतं: तिथे हवा कोरडी होते, ओलावा लागतो, आणि गार खोलीतून जाणाऱ्या नळीत तो थेंब होऊन साचतो. तिथे गरम होणारी नळी पैसे वसूल करते. ती नसेल तर साध्या नळीवर कापडी खोळ चढवा आणि मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा.

टाकी चालू ठेवणार असाल तर पाणी डिस्टिल्डच. उकळलेल्या पाण्यात जंतू मरतात, क्षार राहतात. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते तर मुळीच नको. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी स्वस्त असतं, पण ते श्वासासाठी बनवलेलं नाही. मेडिकलमधून बाटली घ्या.

तर घेऊ काय? कौलारू घर, एसी नाही: जास्तीची नळी, जास्तीचं कुशन, आर्द्रता मोजायचं छोटं उपकरण. एक संच वापरात, दुसरा दोन दिवस निवांत वाळतोय. फ्लॅट आणि एसी: गरम होणारी नळी, बाकी काही नाही. घरात दोघांना मशीन असेल तर नळ्यांना वेगवेगळ्या रंगाचे धागे बांधा. फिल्टर मात्र दोन्हीकडे कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा लवकर बदला. गणपतीत घर भरलेलं, धूप-उदबत्तीचा धूर दिवसभर, आणि पांढरा फिल्टर पंधरवड्यात करडा होतो. धुवून पुन्हा वापरायचा प्रकार नसेल तर तो धुऊ नका.

मुंबईहून चतुर्थीला मशीन घेऊन येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी टाकी रिकामी करून वेगळी काढावी. रेल्वेच्या बर्थखाली बॅग आडवी झाली की उरलेलं पाणी थेट मोटरमध्ये जातं. वादळाचा इशारा आला तरी हेच करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस लाईट नव्हती. मशीन बंद, पंखा बंद, आणि टाकीत पाणी तसंच, असं झालं तर लाईट येईपर्यंत आत काय उगवलं असेल ते सांगायला नको.

बुरशी दिसलीच तर? टाकीत गुलाबी चिकट थर असेल तर तो बहुधा जिवाणूंचा, साबण आणि व्हिनेगरने जातो. टाकीच्या रबरी कडेत काळे ठिपके मुरले असतील तर टाकी बदला. नळीत काळे किंवा हिरवे ठिपके दिसले तर घासत बसू नका, वळ्यांच्या आत ब्रश नीट पोचत नाही. नळी टाकून द्या. आणि नवीन नळी, कोरडी टाकी, नवा फिल्टर असूनही हवेला कुबट वास येत असेल तर बुरशी मशीनच्या आत आहे. ते घरी उघडायचं नाही, सर्व्हिस सेंटरला द्यायचं, आणि तोवर बदली मशीन मिळतं का ते त्याच फोनवर विचारून घ्यायचं.