नांगरलेल्या शिडाच्या नौकेवर वीज पडल्यानंतर : बेलापूरमधील एका दुरुस्ती सेवेचे परीक्षण

मान्सूनपूर्व वादळात बेलापूरच्या खाडीत नांगरून ठेवलेल्या आमच्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौकेवर वीज पडली. सुदैवाने त्या वेळी नौकेवर कोणीही नव्हते. डोलकाठीच्या टोकावरील व्हीएचएफ रेडिओचा अँटेना नाहीसा झाला होता आणि तेथील दिवा जळाला होता. एरवी नौका बाहेरून धडधाकट दिसत होती. अशा वेळी पुष्कळ कारागीर रेडिओ आणि दिवे बदलण्याचे दरपत्रक देऊन मोकळे होतात. आम्ही ज्या नौका-विद्युत दुरुस्ती सेवेला बोलावले, तिच्या तंत्रज्ञांनी मात्र एकही उपकरण उघडण्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून तळ पाहण्याचा आग्रह धरला, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल याच क्रमात आहे.

विजेच्या एका झोतात साधारण 30,000 अँपिअर प्रवाह असू शकतो. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीतून तो सहज खाली उतरतो. पण तिच्या बुडापासून पाण्यापर्यंत जाड तांब्याची सलग वाट नसेल, तर तो तारदोर (डोलकाठीला ताणून उभी धरणाऱ्या पोलादी तारा), इंजिन, नांगराची साखळी किंवा तळातील धातूच्या झडपा अशा मिळेल त्या धातूवर झेप घेतो. बाहेर पडताना त्याच्या उष्णतेने फायबरग्लासचे थर सुटतात, पाणरेषेजवळ बारीक छिद्रे पडतात, आणि नांगरावर उभी असलेली नौका कोणाच्या लक्षात येण्याआधीच पाणी भरून बुडू शकते. आमच्या नौकेत समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या एका झडपेभोवती अशीच बारीक भेग सापडली. वरवर पाहून ती कोणालाही दिसली नसती.

त्यानंतर त्यांनी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक तारेचे इन्सुलेशन तपासले, अल्टरनेटरचे जळालेले डायोड बदलले आणि नौका वेगवेगळ्या दिशांना वळवून होकायंत्राची जीपीएसशी पडताळणी केली, कारण एवढ्या प्रवाहाने जवळच्या लोखंडाचे चुंबकत्व बदलून होकायंत्र चुकू लागते. आज चालणारी उपकरणे काही आठवड्यांनीही बंद पडू शकतात, हे त्यांनी अहवालात स्पष्ट लिहून दिले. विमा कंपनीशी बोलताना त्या एका वाक्याचा फार उपयोग झाला.

नव्या अर्थिंगसाठी त्यांनी पाण्याखाली किमान 1 चौरस फूट तांब्याचा पत्रा आणि शक्य तितकी सरळ, जाड तार सुचवली. त्यामुळे वीज पडणे थांबत नाही, फक्त तिला सुरक्षित वाट मिळते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेचे, विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी अॅप मोबाइलवर ठेवण्याचा त्यांचा सल्ला मला योग्य वाटतो.

उणिवाही आहेत. अहवाल उशिरा मिळाला, आणि डोलकाठीच्या तारदोरांची तपासणी या सेवेत येत नसल्याने त्यासाठी दुसरा माणूस शोधावा लागला. वीज पडल्यानंतर पोलादी तारा आणि त्यांचे सांधे तपासणे अत्यावश्यक असते, म्हणून काम देतानाच हा प्रश्न विचारून घ्यावा.