मानवी तस्करीतून सुटलेल्यांसाठी मोफत कायदेशीर मदत: आमचा अनुभव

ओळखीतल्या एका मुलीसोबत मी या सेवेत जायचे, तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही सांगणार नाही. नोकरी देतो म्हणून परदेशात नेलं, पासपोर्ट काढून घेतला, आणि पगाराऐवजी कर्जाचाच आकडा वाढत गेला. सुटल्यावर तिला सगळ्यात जास्त भीती पोलिसांची, कारण खोट्या कागदांवर आलीयेस, पकडलं तर तुलाच आत टाकतील असं त्या लोकांनी डोक्यात भरवलेलं.

वकील मॅडमनी आधी हीच भीती काढली. तू स्वतः सही केलीस, स्वतःच्या पायाने गेलीस, तरी फसवून किंवा धमकावून राबवलं असेल तर तुझा होकार धरत नाहीत, हे २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातच आहे म्हणाल्या. हे ऐकून ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

दुसरं मला फार आवडलं ते म्हणजे साक्ष दे तरच मदत मिळेल अशी अट नाही. युरोप परिषदेच्या २००५ च्या मानवी तस्करीविरोधी करारात हेच आहे, वर सावरायला आणि ठरवायला किमान ३० दिवस, तेवढ्यात देशाबाहेर काढता येत नाही, पण तो करार मानणाऱ्या देशांतच हं. दुभाषीसुद्धा तिला विचारून ठरवली, ओळखीच्या गोटातली नको म्हणून, आणि एकदा नीट जबाब लिहून घेतला की तीच कहाणी दहा जणांसमोर परत परत सांगायला लावली नाही. कोर्टात आरोपीसमोर उभं राहायचं नसेल तर पडदा किंवा व्हिडिओवरून साक्ष मागता येते हेही आधीच सांगितलं.

कमी पडलं ते नुकसानभरपाईत. सरकारी वकील खटला सरकारतर्फे चालवतो, तिचा बुडालेला पगार मागायला तिचा स्वतःचा वकील लागतो, आणि हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मालकाचे मेसेज, पैसे पाठवल्याच्या पावत्या बऱ्याच गेल्या होत्या. शिवाय निकाल लागल्यावर कोणी फोनही केला नाही, आणि खरी धमकी तर तेव्हा सुरू होते, घरच्यांना सुद्धा.

तरी मी पाचपैकी चार देईन. कुणाला न्यायचं असेल तर पहिल्याच भेटीत भरपाईचा आणि घरच्यांच्या संरक्षणाचा विषय काढा, आणि फोनमधलं काहीही डिलीट करू देऊ नका.