जिओ, एअरटेल, व्हीआय की बीएसएनएल? सोलापूरकरांसाठी सिमचा हिशेब

गेल्या महिन्यात शेजारच्या मावशींनी आपला कीपॅडचा फोन माझ्या हातात ठेवला. "रिचार्ज परवडंना झालाय बाळा. दुसऱ्या कंपनीचं कार्ड बघून दे की." त्यांचं घर मंगळवार पेठेत, जुनं, माळवदाचं. भिंती हात-दीड हात जाड. आतल्या खोलीत फोन लागतच नाही, म्हणून तो कायम दाराजवळच्या कोनाड्यात उभा असतो. वाजला की मावशी मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सारून उठतात, आणि गुडघे धरून दारापर्यंत जाईस्तोवर तो बंद होतो.

त्यांच्यासाठी चौकशीला लागलो आणि लक्षात आलं की हाच प्रश्न घरोघरी आहे. पोरगी पुण्याला शिकायला गेलेली, कारखान्यात ओटीपी येत नाही, गावाकडं रेंज नाही, प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं. म्हणून चारही कंपन्या शेजारी-शेजारी मांडतो. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला ठरवायला सोपं जावं, एवढाच हेतू.

पैशाचा फरक किती उरलाय

पंधरा वर्षांपूर्वी नव्या पेठेतल्या दुकानात सिम मागितलं की दुकानदार आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, रिलायन्स, टाटा डोकोमो, एअरसेल, युनिनॉर, बीएसएनएल अशी कार्डं पुढ्यात टाकायचा. टाटा डोकोमोनं 2009 मध्ये सेकंदाला पैसा आणला आणि बाकीच्यांना झक मारत मागे यावं लागलं. मग 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, कॉल फुकट झाले, आणि बाजाराचा पट बदलला. रिलायन्स कम्युनिकेशन्सनं 2017 मध्ये मोबाइल सेवा गुंडाळली, एअरसेलचं 2018 मध्ये दिवाळं निघालं, युनिनॉरचं टेलिनॉर होऊन ते एअरटेलमध्ये गेलं, टाटांचे ग्राहकही तिकडंच गेले. 31 ऑगस्ट 2018 ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, तीच आजची व्हीआय. आता उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी.

त्याचा परिणाम आपण 2024 च्या जुलैत भोगला. जिओ आणि एअरटेलनं 3 तारखेला दर वाढवले, व्हीआयनं 4 तारखेला. रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक जिओचा 239 वरून 299 झाला, एअरटेल आणि व्हीआयचा 299 वरून 349. पॅकचे आकडे नंतरही बदलत राहतात, म्हणून रिचार्ज मारायच्या आधी आजचा दर विचाराच. पण हिशेबाची पद्धत तीच राहते: 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. 299 चे वर्षाला 3887, 349 चे 4537. फरक साडेसहाशे रुपयांचा. विड्या वळणाऱ्या घरात साडेसहाशे रुपये थोडे नव्हेत, पण न लागणाऱ्या फोनवर घातलेले 3887 त्याहून महाग पडतात.

म्हणून माझा क्रम असा: आधी रेंज, मग हँडसेट, आणि पैसे तिसरे.

चौघांची तुलना

जिओकडं 2जी नाहीच. ही गोष्ट दुकानात पहिल्या वाक्यात सांगितली पाहिजे आणि बऱ्याचदा सांगितली जात नाही. त्यांचे कॉलसुद्धा 4जीवरून जातात, त्यामुळं मावशींसारखा जुना कीपॅड फोन त्यात चालणार नाही. 4जीचा कीपॅड फोन घ्यावा लागेल. जिओनं तसा 2023 मध्ये 999 रुपयांना काढला होता. स्मार्टफोनवाल्यांसाठी मात्र जिओचा एक मोठा गुण आहे. 5जीच्या 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झची लहर खासगी कंपन्यांपैकी फक्त जिओनं घेतली. ही खालच्या पट्टीतली लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. 3300 मेगाहर्ट्झची 5जी लहर वेगवान असते, पण जाड भिंतीपाशी थकते. गच्चीवर 5जी पळतं आणि स्वयंपाकघरात 4जीवर येतं ते यामुळंच. जिओचं 5जी 4जीचा आधार न घेता स्वतःच्या पायावर उभं आहे, त्यामुळं फोनलाही तशी सोय लागते. जुन्या 5जी फोनमध्ये ती नसेल तर पॅक मारूनही 5जी दिसणार नाही.

एअरटेलनं 5जी आपल्या 4जीच्या आधारावर सुरू केलं, त्यामुळं जास्त फोनवर ते सहज लागतं. 2जी अजून चालू असल्यानं कीपॅडवाल्यांनाही दार उघडं. पण स्वस्त सिम म्हणून एअरटेलकडं बघू नका. 2018 च्या शेवटी नंबर जिवंत ठेवायला 35 रुपयांचा किमान रिचार्ज आला तेव्हा लोकांनी बोंब मारली होती. अनलिमिटेड कॉलचा 28 दिवसांचा सर्वांत खालचा पॅक जुलै 2024 ला 199 वर गेला. अनलिमिटेड 5जीबाबत जिओ आणि एअरटेल दोघांनी तेव्हापासून एकच अट घातली: रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठा पॅक. दीड जीबीचा पॅक घेऊन 5जीची वाट बघणारे कितीतरी जण मला भेटलेत.

व्हीआयबद्दल सोलापुरात जुनी माया आहे. आयडिया ही आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमधली, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागातली, तगडी कंपनी होती, आणि बऱ्याच व्यापाऱ्यांचे दुकानाच्या पाटीवर रंगवलेले नंबर तिचेच. पण 24 ऑक्टोबर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं सरकारी थकबाकीचा डोंगर अंगावर आला आणि नव्या टॉवरवर पैसा घालायला कंपनी मागं पडली. 2025 मध्ये थकबाकीच्या बदल्यात सरकारनं शेअर घेतले आणि सरकारचा वाटा जवळपास 49 टक्के झाला. 5जी तिनं मार्च 2025 मध्ये मुंबईपासून सुरू केलं, म्हणजे बाकी दोघांपेक्षा अडीच वर्षं उशिरा. "कंपनी बुडली तर?" असं लोक विचारतात. नंबर बुडत नाही. एअरसेल बंद पडलं तेव्हाही तिच्या ग्राहकांना नंबर घेऊन दुसरीकडं जाता आलं होतं. घरात आणि दुकानात रेंज चांगली असेल तर भीतीपोटी जुना नंबर हलवायची गरज नाही. नवं सिम घ्यायचं असेल तर मी व्हीआयला शेवटी ठेवेन.

बीएसएनएलनं जुलै 2024 मध्ये दर वाढवले नाहीत. लोक धावत तिकडं गेले, दोन-चार महिन्यांनी त्यातले बरेच परतले, कारण 4जी तयार नव्हतं. आता चित्र हललंय. देशी यंत्रणेवर उभं केलेलं 4जी 27 सप्टेंबर 2025 ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून देशाला समर्पित झालं, 97,500 टॉवरांसह. टीसीएस, तेजस या कंपन्या आणि सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून हे उभं केलं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. तरीही घेताना एक तपासा: त्यांचं 4जी 700 आणि 2100 मेगाहर्ट्झवर चालतं. 700 साठी फोनमध्ये बँड 28 असावा लागतो आणि जुन्या 4जी फोनमध्ये तो बऱ्याचदा नसतो. फोनच्या खोक्यावर किंवा दुकानदाराच्या मोबाइलवर मॉडेल टाकून बघता येतं.

तुमच्या उंबऱ्यावरची परीक्षा

ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिनं कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले आहेत. 2जी, 4जी, 5जी वेगवेगळं दिसतं. गाव, पेठ टाकून बघा. पण नकाशाला तुमची भिंत दिसत नाही. ती दिसते पाहुण्याच्या फोनला. घरी कोणी आलं की त्यांचं सिम कोणतं ते विचारायचं आणि आतल्या खोलीत जाऊन एक कॉल, एक व्हिडिओ कॉल करायला सांगायचा. दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा. रात्री सगळी पेठ मोबाइल बघत असते, तेव्हा जो टॉवर टिकतो तो खरा.

फुल रेंज दिसते आणि नेट चालत नाही, याचं कारणही तेच. त्या काड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, टॉवरवर किती माणसं लटकलीत ते नाही. आषाढीला पंढरपुरात किंवा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर हे अनुभवलं नसेल असा सोलापूरकर सापडायचा नाही. कंपन्या अशा वेळी गाडीवरचे फिरते टॉवर आणतात, तरी लाखांच्या गर्दीत कुठलंच सिम पूर्ण भरवशाचं नसतं. वारीला जाणाऱ्यांनी भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवावी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा एक मित्र टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघतो. वर पत्रा, आत यंत्रमागांची खडखड. माल निघायच्या वेळी ई-वे बिलासाठी, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यासाठी, लॉगिनचा ओटीपी लागतो आणि तो शेडमध्ये येत नाही. मी गेलो त्या दिवशी ट्रक उभा होता, ड्रायव्हर घड्याळ बघत होता आणि हा माणूस फोन उंच धरून फाटकापर्यंत चालत गेला. तिथं मेसेज टपकला, तोवर ओटीपीची वेळ संपली होती. तीनदा झालं तसं. त्याला मी कंपनी बदल म्हटलं नाही, दुसऱ्या कंपनीचं दुसरं सिम घे म्हटलं.

दुसरं सिम निवडताना एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. टॉवरचा खांब एकाचा आणि त्यावर अँटेना अनेकांचे, असं सर्रास असतं. एअरटेल आणि व्हीआय हे दोघेही इंडस टॉवर्स या टॉवर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचे मोठे भाडेकरू. तुमच्या भागात दोघांचा खांब एकच असेल, तर वीज जाऊन बॅटरी संपल्यावर दोन्ही सिम एकदमच झोपतील. म्हणून सोबतीला जिओ आणि एअरटेल, किंवा जिओ आणि बीएसएनएल अशी जोडी मला जास्त पटते. मित्रानं जिओ-एअरटेल ठेवलं आणि ऑफिसला फायबर घेतलं. शेडच्या बाबतीत खरं औषध फायबरच आहे, कारण वाय-फायवरून कॉलिंगची सोय फोनमध्ये चालू केली की पत्र्याखालीसुद्धा कॉल लागतो.

अक्कलकोटच्या पुढं, हद्दीवरच्या गावांत आणखी एक भानगड: फोन पलीकडच्या कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडतो. कॉलला अडत नाही, पण सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर नेट थांबतं. ते चालू करून बघा, मगच कंपनीला दोष द्या.

नंबर हलवताना

आमच्या आईचा जुना नंबर आम्ही असाच घालवला. नवं सिम घेतलं, जुन्यात रिचार्ज मारायचा राहिला, आणि काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याच माणसाकडं लागला. बँक, गॅस, आधार सगळीकडं तोच होता. आईला पेन्शनच्या खात्यासाठी बँकेत तीन हेलपाटे घालावे लागले, भर उन्हात. नियम असा आहे की प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही तर तो बंद होऊ शकतो. त्यामुळं ज्या नंबरवर बँक आहे तो टाकायचा नाही, पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची.

कृती साधी आहे. त्या सिमवरून PORT असं इंग्रजीत लिहून जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि 1900 वर मेसेज करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्याच सर्कलमध्ये असाल तर कामाच्या तीन दिवसांत नंबर हलतो. आधीच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, पोस्टपेड बिल थकलेलं नसावं, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या सिममधला शिल्लक बॅलन्स आणि पॅकचे दिवस सोबत येत नाहीत, म्हणून पॅक संपत आला की अर्ज करा. आणि पगारवाटप, फी भरणं, जीएसटीची शेवटची तारीख अशा दिवशी चुकूनही करू नका.

मावशींचं पोर्ट शेवटी केलंच नाही. त्यांना नेट लागत नाही, तरी त्या दर 28 दिवसांनी नेटचा पॅक मारत होत्या. ट्रायनं 23 डिसेंबर 2024 च्या नियमानं कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवणं बंधनकारक केलंय, मुदत वर्षापर्यंत. दुकानदार हे आपणहून दाखवत नाहीत, नाव घेऊन मागावं लागतं. आम्ही त्यांच्याच कंपनीचा 84 दिवसांचा तसला पॅक मागितला. दुकानदारानं दोनदा "नेटवाला घ्या की" म्हणून पाहिलं, मावशी हलल्या नाहीत. फोन अजून कोनाड्यातच आहे, पण मी त्याला लांब वायरनं एक जुना स्पीकर जोडून दिलाय, आणि त्यांच्या पोरीला सांगितलंय: आईला फोन केला की पुरता वाजू दे, उचलला नाही तर लगेच पुन्हा लाव.