डीएस3231 आरटीसी, पाच महिन्यांनी: सेल फुगला

काल निफाडच्या द्राक्षबागेतला तापमान नोंदवणारा लॉगर उघडला तर आरटीसीवरचा (त्यातलं वेळ सांभाळणारं घड्याळ) सेल पुरीसारखा फुगलेला, होल्डरची पत्री वर आलेली आणि लॉगमध्ये तारीख 1 जानेवारी 2000. ऐन थंडीतला आठवडा गेला ना राव, पहाटे पारा किती उतरला हेच तर द्राक्षवाल्याला बघायचं असतं.

मॉड्यूल तेच निळं, झेडएस-042. ऑक्टोबर छाटणीनंतर लावलं. पहिल्याच महिन्यात अण्णा लॉग बघून म्हणाले, "काय रे, सगळ्यात जास्त थंडी सकाळी पावणेअकराला?" मी लगेच डुप्लिकेट माल म्हणून रिव्ह्यूत एक स्टार देऊन मोकळा. नंतर कळलं गाढवपणा माझाच, टाइम सेट करायची ओळ कोडच्या सेटअपमध्ये (लॉगर चालू होताना दरवेळी चालणारा भाग) तशीच राहिलेली, त्यामुळे संध्याकाळी बागेत मेन बॅटरी बदलली की घड्याळ परत रात्री 10:12 वर, म्हणजे घरी कोड कंपाइल केला ती वेळ. एकदा टाइम सेट करा, मग ती ओळ कमेंट करून (म्हणजे चालणार नाही अशी करून) पुन्हा अपलोड करा, बस. त्यानंतर तीन महिन्यांत मोबाइलच्या मानाने पाच-सहा सेकंद सरकलं असेल. आधीचं डीएस1307 घड्याळ महिन्याला मिनिटभर मागे पडायचं. स्टार चार केले.

आणि आता हा सेल. बोर्डावर 201 लिहिलेला बारीक रेझिस्टर आहे, शेजारी डायोड, ते चार्जिंग सर्किट. ते एलआयआर2032 सेलसाठी, तो चार्ज होतो. मला सोबत आला सीआर2032, जो चार्ज करायचाच नसतो, आणि मी पाच व्होल्ट देतोय, म्हणजे डायोडमध्ये थोडे गेले तरी साडेचारच्या आसपास व्होल्ट पाच महिने त्या तीन व्होल्टच्या सेलवर. फुगणार नाही तर काय. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणे "सर, सेल वॉरंटीत येत नाही". अहो, सेलचे तीस रुपये कोण मागतंय, चुकीचा सेल का टाकता एवढं सांगा! त्यावर ब्लू टिक फक्त.

शेवटी सोल्डरिंगने तो 201 उडवला, म्हणजे चार्जिंगच बंद, नवा सीआर2032 टाकला. 3.3 व्होल्टचं बोर्ड असेल तर एवढं करायची गरज नाही, डायोडनंतर सेलपेक्षा जास्त व्होल्टेज उरतच नाही. हात लावलाच होता म्हणून पॉवरची लाल एलईडी पण काढली, ती चोवीस तास दोन-तीन मिलीअँप खायची, बागेत बघणार कोण तिला? स्टार सध्या तीन. ब्लू टिकचा एक कापलाय.